मॉरिस मायनर की मॉरिस ११००? ब्रिटनमध्ये पहिली जुनी कौटुंबिक गाडी निवडताना

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना कधी ना कधी एखादी जुनी ब्रिटिश गाडी घ्यावीशी वाटते. त्यामागे जिव्हाळ्याचे कारणही असते. आपण ज्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बसून लग्नांना आणि गावाला गेलो, ती मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका होती, आणि हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस मायनरही ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने भारतात बनवली होती. प्रत्यक्ष खरेदीची वेळ आली की मात्र नवखा माणूस गोंधळतो, कारण विक्रेता इंजिनाबद्दल आणि रंगाबद्दल भरभरून बोलतो, पण ज्या गोष्टींवर पुढची दहा वर्षे अवलंबून असतात त्यांच्याबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाही. मॉरिस मायनर आणि मॉरिस ११०० या दोन्ही गाड्या मी खरेदी केल्या, चालवल्या आणि सांभाळल्या आहेत. त्या अनुभवावरून हा क्रम लिहीत आहे.

तुलनेसाठी हीच जोडी घेण्याचे कारण असे की मायनर १००० आणि ११०० या एकाच अभियंत्याच्या, अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या, गाड्या आहेत. दोन्हींत ए-सीरिज हे एकाच घराण्यातले इंजिन आहे. आणि १९६२ पासून जवळजवळ दशकभर त्या एकाच वेळी विक्रीला होत्या. तरीही त्यांची रचना इतकी वेगळी आहे की एकीची देखभाल शिकलेल्या माणसाला दुसरीसाठी बरेच काही नव्याने शिकावे लागते.

१. आधी दोन्ही गाड्यांची घडण समजून घ्या

मायनर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. सुरुवातीला तिच्यात ९१८ सीसीचे जुन्या धाटणीचे इंजिन होते, १९५२ पासून ८०३ सीसीचे ए-सीरिज इंजिन आले, १९५६ मध्ये ९४८ सीसीचे इंजिन आणि समोर अखंड काच घेऊन ‘मायनर १०००’ आली आणि १९६२ मध्ये इंजिन १०९८ सीसीचे झाले. नवख्या माणसाने १९५६ नंतरचीच, आणि शक्य तर १०९८ सीसीची गाडी पाहावी. दुभंगलेल्या काचेच्या आधीच्या गाड्या देखण्या आहेत, पण आजच्या रहदारीत त्यांची दमछाक होते. मायनरचे इंजिन उभे बसवलेले आहे, गिअरबॉक्स त्याच्या मागे स्वतंत्र आहे, मागची चाके ओढतात, स्प्रिंगच्या जागी पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगसारखे काम करणारे दांडे, आणि मागे पाट्यांची स्प्रिंग आहे. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला भरपूर जागा दिसते. या गाडीच्या लोकप्रियतेचे निम्मे रहस्य त्या जागेत आहे, असे माझे मत आहे.

११०० ही १९६२ च्या ऑगस्टमध्ये आधी मॉरिस नावाने आली. पुढे ऑस्टिन, एमजी, वूल्झली, रायली आणि व्हॅन्डन प्लास या नावांनीही तीच गाडी विकली गेली आणि या मालिकेचे उत्पादन १९७४ पर्यंत चालले. १९६० च्या दशकातील बहुतेक वर्षे ती ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकली जाणारी गाडी होती. इथे इंजिन आडवे आहे, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली ऑइलच्या टाकीतच आहे आणि पुढची चाके ओढतात. तिच्या बाह्यरूपाचे काम इटलीच्या पिनिनफरिनाचे. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी विकसित केलेली हायड्रोलास्टिक यंत्रणा आहे: प्रत्येक बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचे रबरी द्रवकोश एका नळीने जोडलेले असतात, पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागच्या कोशात ढकलला जातो, मागची बाजूही उचलली जाते आणि गाडी डोलण्याऐवजी समपातळीत राहते.

मायनरची लांबी सुमारे ३.७६ मीटर आहे आणि ११०० ची सुमारे ३.७३ मीटर. म्हणजे ११०० किंचित आखूडच. परंतु पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मायनरमध्ये सुमारे २.१८ मीटर, तर ११०० मध्ये २.३७ मीटर आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्या प्रौढ माणसाच्या गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो.

२. घरातल्या माणसांना सोबत घेऊन गाडी पाहा

कागदावरची तुलना वाचून निर्णय घेऊ नये. ज्यांना गाडीत बसायचे आहे, त्यांना बसवून पाहावे. मायनरच्या दोन दारी गाडीत मागे जाण्यासाठी पुढची सीट उचलून वाकावे लागते. आई-वडील भारतातून येऊन राहणार असतील तर चार दारीच पाहावी. मायनरची मागची सीट चौघांच्या कुटुंबाला तास-दीड तासाच्या प्रवासापुरती ठीक आहे. ११०० मात्र खऱ्या अर्थाने चार प्रौढांची गाडी आहे. लांबच्या प्रवासात ती कमी थकवते, वळणावर कमी कलते, आणि तिला पुढे डिस्क ब्रेक आहेत. मायनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे पुढच्या गाडीपासून बरेच जास्त अंतर ठेवण्याची सवय करावी लागते.

लहान मुले असतील तर सीट बेल्टचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. मूळ रचनेत बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालील मुलांना नेता येत नाही आणि तीन वर्षांवरील मुलांना फक्त मागेच बसवता येते, असा ब्रिटनचा नियम आहे. मुलांची सीट बसवायची तर बेल्ट हवेतच, आणि बेल्ट ज्या पत्र्याला बोल्टने आवळायचे तो पत्रा धडधाकट हवा. कोणीतरी घाईने बसवलेले बेल्ट दिसले तर बोल्ट कुठे आणि कशात बसवले आहेत ते गाडीखालून पाहून घ्या.

आणखी एक बाब. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, आणि ब्रिटिश परवाना ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा देऊन घेतला असेल तर हाताने गिअर बदलण्याची गाडी चालवता येत नाही. मायनर फक्त हाताच्या गिअरची आहे. ११०० मध्ये नंतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पर्याय आला, पण त्याची दुरुस्ती जाणणारे कारागीर थोडे. केवळ परवान्याच्या अडचणीमुळे तशी गाडी घेऊ नये.

३. गाडी पाहायला जाताना ही साधने न्या

प्रखर टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक, मोजपट्टी, जमिनीवर पसरायला जाड चटई, मळले तरी चालतील असे कपडे, आणि वही. जॅकवर उचलून पाहायचे असेल तर विक्रेत्याची परवानगी आधी फोनवर घ्यावी आणि स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. भर दिवसा, कोरड्या हवेत जावे. पावसात ओला झालेला रंग सगळे दोष झाकतो. निघण्यापूर्वी फोन करून इंजिन आधी सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. बॉनेट गरम लागले तर थंड इंजिन कसे सुरू होते, हे आपल्याला त्या दिवशी कळणार नाही.

४. पत्रा पाहा, आणि पत्रा पाहण्यातच सर्वाधिक वेळ घालवा

या दोन्ही गाड्यांची इंजिने साधी आहेत आणि त्यांची दुरुस्ती परवडते. गंजलेल्या बॉडीची दुरुस्ती मात्र गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा की एकूण वेळेतला निम्म्याहून अधिक वेळ गाडीच्या खाली आणि गालिच्यांच्या खाली घालवावा.

मायनरमध्ये दारांखालच्या सिल, जॅक लावण्याची जागा, गाडीखाली आडव्या जाणाऱ्या बीमची दोन्ही टोके, पुढून मागे जाणारे चेसिसचे दांडे आणि मागचे पाटे जिथे टांगलेले असतात त्या जागा पाहाव्यात. सिलवरून चुंबक हळूहळू सरकवत न्यावे. जिथे ते अचानक सुटते, तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. दार थोडेसे उघडून वर-खाली हलवून पाहावे. बिजागरी ज्या खांबाला आहे तोच हलत असेल तर खांबाच्या तळाशी गंज पोहोचलेला असतो. चेसिसच्या दांड्यांवर एकावर एक ठिगळे जोडलेली दिसली तर त्या गाडीचा नाद सोडावा. चांगली वेल्डिंग सलग असते. ठिकठिकाणी टाके मारून वर काळे जाड अंडरसील, म्हणजे गाडीखालचा संरक्षक लेप, फासलेले असेल तर ते झाकण्यासाठीच फासलेले असते.

ट्रॅव्हलर, म्हणजे मागे लाकडी चौकट असलेली मायनर, पाहत असाल तर ते लाकूड शोभेचे नाही हे लक्षात ठेवा. अ‍ॅश लाकडाची ती चौकट गाडीचा भार पेलते आणि एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक, तपासणीत ती कुजलेली आढळली तर गाडी नापास होते. सांध्यांजवळ आणि खालच्या आडव्या पट्टीवर काळे डाग असतील तिथे अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावे. नख रुतले तर संपूर्ण चौकट बदलण्याचा खर्च हजारो पौंडांत जातो, असे धरूनच भाव करावा. उघड्या छताच्या टूररबाबत वेगळा धोका आहे: साध्या दोन दारी गाडीचे छत कापून बनवलेल्या गाड्याही बाजारात असतात. चेसिस क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांत बॉडीचा प्रकार नोंदलेला असतो, तो मालक संघटनेकडून पडताळून घ्यावा.

११०० मध्ये परिस्थिती अधिक कठीण आहे. या गाडीला पुढे आणि मागे स्वतंत्र सबफ्रेम, म्हणजे चाकांचे भाग पेलणाऱ्या लोखंडी चौकटी, आहेत, आणि मागची सबफ्रेम तसेच ती बॉडीला जिथे जोडली जाते तो भाग हे तिचे मर्मस्थान आहे. मागची सीट आणि डिकीतला गालिचा उचलून, टॉर्च आडवा धरून, पत्र्यावर फुगवटे आहेत का ते पाहावे. मग चटईवर पडून मागच्या सबफ्रेमच्या पुढच्या टोकांकडे पाहावे. एका गाडीत मला वरून कोरा दिसणारा काळा रंग आणि त्याच रंगाखाली बोटाने दाबताच आत गेलेला पत्रा आढळला होता. विक्रेत्याला तो रंग कोणी दिला हेही सांगता आले नाही. मायनरचे जवळजवळ सर्व पत्रे आज नवे बनवून मिळतात, तर ११०० चे काही पत्रे शोधत महिनोन् महिने जातात. त्यामुळे मायनरमध्ये थोडा गंज सौद्याचा मुद्दा होऊ शकतो. ११०० मध्ये मात्र गंजलेली स्वस्त गाडी घेण्यापेक्षा निरोगी महाग गाडी घेणेच शहाणपणाचे आहे.

५. चाके आणि सस्पेन्शन तपासा

मायनरच्या पुढच्या चाकांचे किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खिळी, आटे असलेल्या ट्रनियन नावाच्या आधारांमध्ये फिरतात आणि त्यांना नियमित ग्रीस लागते. ग्रीस न मिळाल्यास आटे झिजतात आणि एके दिवशी चाक निखळून मडगार्डखाली आडवे होते. बहुधा हळू वेगात, वळताना हे घडते, पण ते कुठेही घडू शकते. पुढचे चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर ती बेअरिंगची आहे की ट्रनियनची हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. विक्रेत्याला सहज विचारावे, “ग्रीस गन दाखवाल का?” ज्याच्या घरी ती नाही, त्याच्या गाडीचे ट्रनियन अधिक बारकाईने पाहावेत.

११०० सपाट जागेवर उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करावी. एक बाजू खाली बसली असेल तर त्या बाजूचा द्रव कुठेतरी गळतो आहे. द्रव पुन्हा भरायला विशेष पंप लागतो आणि तो आता सर्वसाधारण गॅरेजमध्ये नसतो. ‘नुसते पंप करून घ्या की झाले’ हे विक्रेत्याचे वाक्य तेव्हाच मान्य करावे, जेव्हा तो स्वतः पंप करून देऊन आठवड्यानंतर त्याच मापावर उभी असलेली गाडी दाखवील.

६. इंजिन, गिअर आणि ब्रेक

चोक ओढून थंड इंजिन सुरू करा. ऑइलचा दिवा लगेच विझायला हवा. पुढच्या बाजूने साखळीसारखा खुळखुळाट आला तर तो टायमिंग चेनचा असतो आणि तो खर्च फार नाही. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर येणे हे इंजिन ऑइल जाळत असल्याचे लक्षण आहे. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा थर साचतो, म्हणून रेडिएटरचे पाणीही पाहावे.

११०० मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल वापरतात. गिअरचे दाते ते ऑइल लवकर झिजवतात, म्हणून शेवटचे ऑइल कधी बदलले हे विचारा आणि पावती मागा. गिअरबॉक्स दुरुस्त करायचा तर इंजिनासह संपूर्ण संच बाहेर काढावा लागतो. मायनरमध्ये गिअरबॉक्स स्वतंत्र असल्याने तो खर्च कमी येतो. मायनरच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खडखडाट न होता जुळवणारी योजना, नाही, सुरुवातीच्या ११०० लाही नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकू नये. चाचणीच्या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय सोडून पाहावे. गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स झिजलेला आहे.

मायनरबद्दल एक खास सूचना. तिच्या ब्रेकचे मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसून चालकाच्या पायाखाली, चेसिसच्या दांड्यात बसवलेले आहे, आणि त्यात द्रव भरण्याचे झाकण गालिच्याखाली असते. अनेक मालकांना ही जागा माहीतच नसते, त्यामुळे वर्षानुवर्षे पातळी तपासली जात नाही. विक्रेत्याला ते झाकण उघडून दाखवायला सांगा.

७. ही कागदपत्रे तपासा

– व्ही-५-सी, म्हणजे डीव्हीएलए या सरकारी वाहन-नोंदणी व परवाना खात्याने दिलेले नोंदणीपत्र. त्यावरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहा. हे पत्र नोंदणीकृत वापरकर्त्याचे आहे, मालकीचा पुरावा नाही. म्हणून खरेदीची सही केलेली पावती स्वतंत्र घ्या.
– एमओटीचा इतिहास. नोंदणी क्रमांक टाकला की सरकारी संकेतस्थळावर २००५ नंतरच्या तपासण्या मोफत दिसतात. ‘सिलला गंज’ अशी सूचना सलग वर्षे येऊन अचानक थांबली असेल, तर त्या दुरुस्तीची पावती मागा.
– दुरुस्तीच्या पावत्या, शक्य तर वेल्डिंग चालू असतानाच्या छायाचित्रांसह.
– मूळ तपशिलासाठी गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहातून मिळणारे हेरिटेज प्रमाणपत्र. ते नसले तरी चालते, पण असले तर उपयोगी.

मैलांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मीटर पाच आकडी आहे आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते.

८. कर, एमओटी आणि विमा

चाळीस वर्षांवरील गाडीला ‘ऐतिहासिक वाहन’ वर्गात रस्ताकर शून्य असतो, परंतु शून्य असला तरी कराची नोंद दरवर्षी करावीच लागते आणि आधीच्या मालकाची नोंद आपल्याला लागू होत नाही. नोंदणीपत्रावर हा वर्ग खरोखर लिहिलेला आहे का ते पाहा, कारण लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्रातील सवलतही त्यावरच अवलंबून आहे. अशा गाड्यांना मे २०१८ पासून एमओटीतूनही सूट आहे, मात्र मागील तीस वर्षांत गाडीत मूलभूत बदल झालेला नसावा. माझा स्पष्ट सल्ला आहे की ही सूट मिळत असली तरी दरवर्षी स्वखुशीने एमओटी करून घ्यावी. धोकादायक अवस्थेतील गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण होऊ शकतात, आणि मायनरचा ट्रनियन किंवा ११०० ची सबफ्रेम गाडी वर चढवून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

विमा घेताना किंमत आधीच ठरवून लिहिलेली पॉलिसी घ्या. नाहीतर अपघातानंतर कंपनी बाजारभाव काढत बसते. पुढे डिस्क ब्रेक बसवण्यासारखे बदल, ते उपयुक्त असले तरी, विमा कंपनीला लेखी कळवा.

९. निवड कशी करावी

पान्हा हातात धरून स्वतः काम शिकायचे असेल, घराजवळ जुन्या गाड्यांचे गॅरेज नसेल किंवा ही पहिलीच जुनी गाडी असेल, तर १०९८ सीसीची चार दारी मायनर घ्या. सुटे भाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरपोच येतात आणि मॉरिस मायनर ओनर्स क्लबमध्ये प्रत्येक बोल्टची माहिती असलेली माणसे भेटतात. चौघे मिळून खरोखर प्रवास करायचा असेल, गाडी कोरड्या गॅरेजमध्ये राहणार असेल आणि हायड्रोलास्टिक जाणणारा कारागीर आवाक्यात असेल, तर ११०० चालवण्याच्या आनंदात मायनरच्या पुष्कळ पुढे आहे. तिचे मोल अजून लोकांना पुरते कळलेले नाही, असे मला मनापासून वाटते. तिच्यासाठी ११०० क्लबचे सदस्यत्व गाडी घेण्याच्या आधीच घ्या; चांगल्या गाड्या बहुधा सदस्यांमध्येच हात बदलतात.

१०. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात

सर्व ऑइल, ब्रेकचा द्रव आणि रेडिएटरचे पाणी बदला. इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल वापरा. सप्टेंबर २०२१ पासून पंपांवरील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पाच टक्क्यांचे सुपर पेट्रोल भरा आणि नळ्या नव्या घाला. हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का हे पावत्यांमधून शोधा, नसल्यास योग्य अ‍ॅडिटिव्ह वापरा. बॅटरी जोडताना आधी तिचे कोणते टोक बॉडीला (अर्थिंगला) जोडायचे आहे ते पाहा, कारण मायनर आणि सुरुवातीच्या ११०० मध्ये बॉडीला धन टोक जोडलेले असते आणि उलट जोडणीने आधुनिक रेडिओ तत्काळ जळतो. ११०० चा डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीच्या मागेच असल्याने मुसळधार पावसात भिजून गाडी बंद पडू शकते. त्यावर रबरी आवरण आहे ना ते पाहा.

हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडू लागले की गाडी बाहेर काढू नका. गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर डीव्हीएलएकडे गाडी रस्त्यावर नसल्याची नोंद करा, खालची बाजू धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्या, सिल आणि चेसिसच्या पोकळ भागांत मेणाचा फवारा मारा, आणि हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, म्हणजे वसंतात ब्रेक ड्रमला चिकटलेले सापडणार नाहीत.